आत्याची गादी, सासूची खासगी

(सोलापूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण स्वीकारून मी विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने, पण चेहऱ्यावरचे नवल फारसे न लपविता, मला विचारले, की दहाव्या शतकातील जर्मन राजकन्या आणि त्यांचे मठ यांच्याशी सोलापूरकरांचे काय देणेघेणे? प्रश्न रास्त होता, आणि विषयाच्या उंबरठ्यावरच तो विचारला गेला हे बरेच झाले. कारण त्याचे उत्तर शोधण्यासाठी सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. त्या तळ्याच्या काठी जो भुईकोट किल्ला उभा आहे, तो एकदा नव्हे, दोनदा एका राजकन्येचे आंदण म्हणून बोलला गेलेला आहे.

पहिला प्रसंग इ. स. १५२४ चा. विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची भेट याच सोलापुरात झाली, आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह निजामशहाशी लागला, आणि वधूबरोबर सोलापूरचा किल्ला देण्याचे आदिलशाही पक्षाकडून कबूल करण्यात आले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. वधू गेली, किल्ला गेला नाही. कबुली पाळली गेली नाही म्हणून दुसऱ्याच वर्षी दोन्ही शाह्यांत युद्ध जुंपले, आणि ज्या विवाहाने सख्य व्हावयाचे त्याने पुढील कित्येक वर्षांच्या वैराची तजवीज करून ठेविली. दुसरा प्रसंग सुमारे चाळीस वर्षांनंतरचा. विजयनगराविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जूट जमत असताना हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली, आणि या वेळी किल्ला खरोखरीच वधूबरोबर गेला. पण तो कोणाकडे गेला? चांदबिबीकडे नव्हे, तिच्या पतीकडे गेला. पुढे ती विधवा झाली, विजापुरी अल्पवयीन सुलतानाची पालक म्हणून तिने कारभार पाहिला, दरबारातील एका प्रतिस्पर्ध्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, तेथून ती सुटली, माहेरी परतली, आणि अहमदनगरच्या तटावर उभी राहून तिने मोगलांशी जी झुंज दिली ती सर्वश्रुतच आहे. या साऱ्या धामधुमीत, ज्या सोलापूरच्या किल्ल्यावर तिच्या लग्नाचे मोल लिहिलेले होते, तो किल्ला तिच्या उपयोगी पडल्याचे कोठे दिसत नाही. शेवटी १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून ती मारली गेली.

तेव्हा आज मला जो प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे तो असा: राजकन्येच्या अथवा राजपत्नीच्या नावे जी जमीन लिहिली जाते, ती तिच्या हाती कशी राहावी? युरोपातील सॅक्सन राजघराण्याने या प्रश्नाला एक उत्तर दिले, मराठी दौलतीतील एका घराण्याने दुसरे दिले, आणि या दोन उत्तरांतील साम्य व भेद मला अनेक वर्षे कुतूहलाचा विषय वाटत आलेले आहेत.

आधी सॅक्सनीकडे वळू. हार्झ पर्वताच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग नावाचे एक गाव आहे. ९२९ साली राजा पहिला हाइनरिख याने आपली राणी माथिल्डे हिला तिच्या वैधव्यातील चरितार्थासाठी जी ठाणी लावून दिली, त्यांत हे गाव होते. हा प्रकार आपल्याकडील आंदणाच्या नेमका उलट. आंदण बाप देतो, आणि ही तरतूद नवरा करतो. ९३६ साली हाइनरिख मरण पावला, त्याचा देह क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर पुरण्यात आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या १३ तारखेस त्याच्या मुलाने, म्हणजे पहिल्या ओटोने, तेथे स्त्रियांचा एक मठ स्थापन केल्याची सनद करून दिली. विधवा राणीने आपल्या वाट्याची जमीन देवाच्या नावे करून दिली, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु सनद बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात येते, की देवाच्या नावे करणे हा ती जमीन घराण्यातील स्त्रियांच्या हाती ठेवण्याचाच एक मार्ग होता. आमच्या वंशातील पुरुष सिंहासनावर आहे तोवर मठाचे रक्षण त्याने करावे, आणि लोकांनी उद्या दुसऱ्याच कुळातील राजा निवडला तर आमच्या कुळातील ज्येष्ठाने ते करावे, अशी दूरदृष्टीची कलमे तीत आहेत.

ही दूरदृष्टी अनाठायी नव्हती, हे माथिल्डेच्या स्वतःच्या चरित्रावरूनच दिसते. वैधव्यानंतर ती दानधर्मात खजिना रिता करते असा आरोप तिच्यावर झाला, आणि आरोप करणारे परके नव्हते. तिचे पुत्रच होते. तिला आपल्या वाट्याची ठाणी सोडून काही काळ माहेरच्या मुलखात जाऊन राहावे लागले, आणि मग सुनेच्या मध्यस्थीने ती परत आली, असे तिची चरित्रे सांगतात. पुढे ९७२ मध्ये दुसऱ्या ओटोचा विवाह कॉन्स्टँटिनोपलच्या थेओफानू हिच्याशी रोम येथे झाला, तेव्हा नव्या सुनेस लावून दिलेल्या ठाण्यांच्या यादीत नोर्टहाउझेन हे सासूच्या सासूचे जुने ठाणेही घालण्यात आले. (जांभळ्या रंगविलेल्या चर्मपत्रावर सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेली ती सनद आजही वोल्फेनब्यूटेल येथे पाहावयास मिळते, आणि इतका सुंदर दस्तऐवज इतक्या रोकड्या व्यवहाराचा असावा याची मौज वाटते.) सारांश, नवऱ्याने लावून दिलेली जमीन राणीच्या मृत्यूनंतर पुन्हा राजाच्या पेटीत येई आणि पुढच्या राणीसाठी पुन्हा बाहेर निघे, मठास दिलेली जमीन मात्र मठाचीच राही.

आता मठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते येथे थोडे बाजूस ठेवावयास हवे. क्वेडलिनबुर्ग, गांडर्सहाइम, एसेन ही जी सॅक्सन राजघराण्याची मोठी स्थाने, त्यांत राहणाऱ्या स्त्रिया आजन्म व्रत घेतलेल्या संन्यासिनी नव्हत्या. ८१६ साली आखेन येथे जे नियम ठरले, त्यांप्रमाणे अशा स्त्रियांना आपली खाजगी मालमत्ता ठेवता येई, दासी बाळगता येत, आणि विवाह करावयाचा तर मठ सोडून जाताही येई. बंधन काय ते मुख्यत्वे मठस्वामिनीवर. त्या प्रार्थना करीत, लॅटिन शिकत, जरीकाम करीत, ग्रंथांच्या नकला करीत, आणि मेलेल्या पूर्वजांची नावे ठरलेल्या तिथीस उच्चारीत. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पितरांचे ऋण पुत्राने फेडावयाचे, आणि म्हणून पुत्राची एवढी तळमळ. त्या घराण्याने हे काम आपल्या अविवाहित कन्यांकडे सोपविले. हाइनरिखाच्या थडग्याशी शतकानुशतके उभे राहणारे आवाज त्याच्या नातवांचे नव्हते, नातींचे होते. ज्या समाजात श्राद्धाचा अधिकार मुलीकडे आहे, त्या समाजात तिच्या वाट्यास जमीनही येते, एवढे साधे अनुमान काढावयास हरकत नसावी. आमच्या धर्मशास्त्रातही पिंड देणारा आणि वारसा घेणारा यांची गाठ बांधलेलीच आहे.

राजकारणाची सोय होती ती निराळीच. राजकन्या मोठ्या सरदारास दिली तर तिचा मुलगा उद्या गादीवर हक्क सांगणार. लहान सरदारास दिली तर घराण्याचा कमीपणा. घरी ठेवली तर शोभत नाही. मठाने या तिढ्यातून वाट काढली. ती कुमारी राहिली, तिचा मान राजकन्येचाच राहिला, आणि नवा दावेदार जन्मास आला नाही. पुरुषांनी ही योजना आपल्या सोयीसाठी केली असेल, पण तिच्यातून जे निर्माण झाले ते त्यांच्या हिशेबापेक्षा मोठे होते.

कारण ९६६ मध्ये क्वेडलिनबुर्गच्या गादीवर जी अकरा वर्षांची मुलगी बसली, ती वृद्ध राणीची नात आणि तिच्याच नावाची माथिल्डे, ती केवळ प्रार्थना म्हणत बसली नाही. कोर्फाय येथील विडुकिंड या भिक्षूने सॅक्सन लोकांचा आपला इतिहास तिला अर्पण केला. ९८३ च्या अखेरीस तिचा भाऊ दुसरा ओटो मरण पावल्यावर बवेरियाच्या भांडखोर हाइनरिखाने तीन वर्षांच्या बालराजास ताब्यात घेतले आणि याच क्वेडलिनबुर्ग येथे ईस्टरच्या उत्सवात स्वतःचा राजा म्हणून जयघोष करविला. तेव्हा बालराजाची आई, आजी आणि ही आत्या अशा तिघी इटलीतून परतल्या, आणि जूनअखेरीस त्या गृहस्थास मूल परत करावे लागले. पुढे तोच बालराजा, तिसरा ओटो, ९९७ मध्ये इटलीस गेला, तेव्हा सॅक्सनीचा कारभार त्याने आत्याच्या हाती दिला. तिने सरदारांच्या सभा भरविल्या, तंटे तोडले, आणि ९९९ मध्ये ती वारली. तिच्या मागून गादीवर बसली तिची भाची आडेलहाइड. एसेन येथे मठस्वामिनी सोफिया हिच्या मागून तिची भाची थेओफानू (वर आलेल्या थेओफानूहून ही निराळी). ही परंपरा ध्यानात ठेवावी अशी आहे: गादी आत्याकडून भाचीकडे जाते. मातेकडून कन्येकडे ती जाऊ शकतच नाही, कारण मठस्वामिनीस कन्या नाही. पण प्रत्येक पिढीत भावाला मुली होतात, आणि त्यांतील एक आत्याच्या मांडीवर लहानाची मोठी होऊन तिच्या आसनावर बसते.

९९४ साली बाजार भरविण्याचा, जकातीचा आणि टांकसाळीचा हक्क क्वेडलिनबुर्गच्या मठास मिळाला. बाराव्या शतकातील पातळ चांदीच्या नाण्यांवर मठस्वामिनीची बसलेली आकृती उमटलेली आहे. गांडर्सहाइम येथे, पहिल्या ओटोची पुतणी गेरबेर्गा मठस्वामिनी असताना, ह्रोत्स्वित नावाची स्त्री लॅटिनमध्ये सहा नाटके लिहून गेली. रोमचे साम्राज्य लयास गेल्यानंतर युरोपात नाटक लिहिणारी ती पहिलीच ज्ञात लेखणी, असे तिच्याविषयी सांगण्यात येते. लेखणी हातात धरावयास वेळ, शाई, चर्मपत्र आणि कोणी आज्ञा न करणारी एक खोली लागते, आणि या चारही वस्तूंची तरतूद मठाच्या जमाखर्चात होती.

अर्थात त्या सत्तेस मर्यादाही होत्या. १४७७ मध्ये क्वेडलिनबुर्गच्या नागरिकांनी मठस्वामिनी हेडविग हिच्याशी उघड वैर मांडले, तेव्हा तिने हाक मारली ती आपल्या सॅक्सन भावांना. त्यांची फौज आली, शहर नमले, आणि नागरी स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून उभा असलेला रोलांडचा पुतळा पाडण्यात आला. शिक्का बहिणीचा होता, तलवार भावांची होती.

येथवर आलो म्हणजे मन आपोआप अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वराकडे धावते. पण मध्ये एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. कारण मठाची गादी चालविणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात झाल्याच नाहीत, असा समज या तुलनेतून होऊ नये. समर्थ रामदासांच्या संप्रदायात वेणास्वामी आणि अक्कास्वामी अशा दोन स्त्रिया झाल्या. दोघीही बालविधवा. वेणाबाईंनी सीतास्वयंवर रचिले, उभे राहून कीर्तन केले, मिरजेचा मठ सांभाळला, आणि १६७८ मध्ये सज्जनगडावर देह ठेविला. मिरजेस त्यांचा मठ आजही आहे. समर्थांच्या पश्चात, मोगली धामधुमीच्या दिवसांत, सज्जनगडाच्या व्यवस्थेत अक्कास्वामींचा हात होता, आणि गडावर या दोघींच्याही समाध्या आहेत. परंतु या राजकन्या नव्हत्या. देशपांड्यांच्या घरच्या मुली होत्या. आपल्याकडे मठाच्या आसनावर जी स्त्री बसली ती राजघराण्यातील नव्हती, आणि राजघराण्यातील जी स्त्री सत्तेवर आली ती मठाच्या आसनावर बसली नाही. सॅक्सनीत एकाच आसनावर एकत्र आलेल्या या दोन गोष्टी येथे दोन वाटांनी गेल्या. दोन्ही वाटांच्या तोंडाशी मात्र एकच वस्तू उभी आहे, आणि ती म्हणजे वैधव्य. मराठी पत्रव्यवहारात विवाहितेच्या नावामागे ‘सौ.’, अविवाहितेच्या नावामागे ‘कु.’ आणि विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिण्याचा जो परिपाठ आहे, त्याच्या भाषेत बोलावयाचे, तर जर्मन मठस्वामिनीची सत्ता ‘कु.’ची होती, आमच्याकडील सत्ता ‘गं. भा.’ची होती.

अहिल्याबाई होळकरांचे नाव या जिल्ह्याच्या विद्यापीठास २०१९ पासून दिलेले आहे, आणि त्यांचे जन्मगाव चौंडी येथून फारसे दूर नाही. म्हणून त्यांचे चरित्र मी आपणास सांगावयास नको. १७२५ चा जन्म, १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव यांचा अंत, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव यांचा, १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचा, आणि तेथपासून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंतचा राज्यकारभार, ही चौकट शाळकरी मुलांसही ठाऊक असते. मला बोलावयाचे आहे ते त्या चौकटीतील एका खिळ्याविषयी, ज्यावर माझ्या मते सारे चित्र टांगलेले आहे, आणि ज्याच्याकडे चरित्रकार सहसा ओझरते पाहून पुढे जातात. तो खिळा म्हणजे होळकरांची खासगी.

मराठी दौलतीत सरदारास जो मुलूख मिळे तो सरंजाम. तो फौजेच्या चाकरीसाठी. चाकरी चुकली की जप्ती येई, आणि धनी बदलला की सनद पुन्हा करून घ्यावी लागे. घरातील स्त्रियांना चोळीबांगडीसाठी एखाददुसरे गाव लावून देण्याची चाल सर्वत्र होती, पण ते गाव नावापुरते. वहिवाट कारकुनाची आणि मर्जी पुरुषाची. १७३४ च्या जानेवारीत पहिल्या बाजीरावाने मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जी स्वतंत्र सनद दिली, ती या दोन्हींहून निराळी होती. तीत माळव्यातील महाल होते, महेश्वर होते, दख्खनेतील काही गावे होती, आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या घरात जाणारे होते. सरंजामाचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. तिचा फड वेगळा, कारकून वेगळे. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या, आणि खासगी त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. पतीचे निधन होऊन तेव्हा सात वर्षे लोटली होती. सती जाण्यास निघालेल्या त्या सुनेस मल्हाररावांनीच मागे ओढले होते; आणि आता सासूच्या मागून तिच्या हाती जी वस्तू आली, तिच्यावर पुत्राचा, दिराचा वा पेशव्याच्या कमाविसदाराचा हात सहजासहजी पडू शकत नव्हता.

मालेराव वारल्यावर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी एखादे मूल दत्तक घेऊन बाईंनी बाजूस बसावे असा घाट घातला आणि पेशव्यांचे चुलते रघुनाथरावदादा फौज घेऊन उज्जैनीकडे आले, तो प्रसंग कीर्तनकारांनी पुष्कळ रंगविला आहे. दादांना बाईंनी पाठविलेला निरोप परंपरेने जपलेला आहे. स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवावयास जागा नाही, असा त्याचा आशय. निरोप तिखट होता यात शंका नाही, पण केवळ तिखटपणाने फौजा मागे फिरत नाहीत. माधवराव पेशव्यांची मर्जी बाईंकडे होती, शिंदे व इतर सरदार चुलत्यासाठी पुतण्याचा रोष ओढवून घेण्यास राजी नव्हते, तुकोजी होळकर बाईंच्या बाजूने उभे होते, आणि या सर्वांच्या जोडीला बाईंच्या हाती स्वतःचा खजिना होता. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम सांगतो, की सासऱ्यांच्या मागे बाईंच्या हाती आलेला ठेवा दोन कोटींचा होता, आणि तो त्यांनी विधिपूर्वक दानधर्मास लावून टाकला. त्या ठेव्यावर तुळशीपत्र ठेवल्याची जी कथा मराठी घरांत सांगतात, ती याचीच. तुळशीपत्र ठेवलेल्या द्रव्यास हात लावणारा देवाचे द्रव्य घेणारा ठरतो. ओटोच्या सनदेत जी गोष्ट लॅटिन कलमांनी साधली होती, ती येथे एका पानाने साधली. दोन्ही ठिकाणी दान हे संपत्तीवरील हक्क सोडणे नव्हते. दुसऱ्याचा हात तिच्यापासून दूर ठेवण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय होता. बाईंच्या भक्तीविषयी हे म्हणणे कोणास उणेपणाचे वाटू नये. भक्ती खरी असते आणि शहाणीही असते.

त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे महेश्वरचा तो वाडा मठच होता असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून माहिती जमवून माल्कमने त्यांची दिनचर्या दिली आहे: पहाटेपूर्वी उठणे, स्नानसंध्या, पुराणश्रवण, अन्नदान, साधे जेवण, दुपारी दोनपासून सायंकाळपर्यंत दरबार, पुन्हा पूजा व अल्पाहार, आणि रात्री नवापासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. घंटेवर चालणाऱ्या युरोपीय मठाचा दिवस याहून फार निराळा नसे. महेश्वरच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर नाव दिल्लीच्या शहा आलमचे आणि चिन्ह शिवलिंग व बिल्वपत्र यांचे. क्वेडलिनबुर्गच्या नाण्यावर मठस्वामिनी स्वतः बसली आहे. महेश्वरच्या नाण्यावर बाई नाहीत, त्यांचा देव आहे. पतीची छत्री कुंभेरजवळ आणि सासऱ्यांची आलमपूर येथे त्यांनीच उभारली, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचे जे काम तेथे नातींकडे होते ते येथे सुनेने केले. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ येथील त्यांची कामे प्रसिद्धच आहेत. आपल्या पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी होळकरांचा वाडा व राममंदिर आहे, आणि तेथेच ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले द्वारकाधीशाचे मंदिर आहे. वारीच्या गर्दीत या दोन दगडी वाड्यांकडे मान वर करून पाहण्याइतकी उसंत क्वचितच मिळते, पण कधी भाकड दिवसांत गेलात तर अवश्य पाहा. दोन विधवांच्या दौलतीचा तो आपल्या जिल्ह्यातील उघडा जमाखर्च आहे.

तलवारीची मर्यादा येथेही होतीच. हेडविगला भावांची फौज लागली, बाईंना तुकोजींची लागली. आणि तुकोजींच्या फौजेस बाईंचा पैसा लागला, त्यामुळे उभयतांत कुरबुरी कधी थांबल्या नाहीत. एका निपुत्रिक सावकाराच्या पश्चात त्याच्या धनाचा वाटा तुकोजींनी मागितला, तेव्हा त्या सावकाराची विधवा महेश्वरी दाद मागावयास आली आणि बाईंनी तुकोजींस हात आखडण्याचा हुकूम पाठविला, ही माल्कमने दिलेली हकीकत मला त्यांच्या सर्व घाटमंदिरांहून बोलकी वाटते. विधवेच्या हातचे द्रव्य कसे निसटते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अहिल्याबाई महेश्वरी राज्य करीत होत्या त्यांतील बहुतेक काळ क्वेडलिनबुर्गच्या गादीवर होती प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची बहीण आना आमालिया. सोळाव्या शतकात मठ ल्यूथरचा पंथ स्वीकारून मोकळा झाला होता, पण गादी, जमीन, दरबारातील आसन हे सारे कायम होते. आना आमालिया बहुतेक वेळ बर्लिनमध्येच राही, संगीतरचना करी, आणि बाखच्या हस्तलिखितांचा संग्रह करी. मठाचे उत्पन्न तिला घरपोच मिळे. आठशे वर्षांत आत्याची गादी ही एक सुखाची नेमणूक होऊन बसली होती. तिच्या मागून १७८७ मध्ये स्वीडनची राजकन्या सोफिया आल्बर्टीना आली. १८०३ मध्ये मठ प्रशियाच्या राज्यात विलीन झाला आणि ती शेवटची ठरली. खासगी याहून पुढच्या काळापर्यंत टिकली. अहिल्याबाईंच्या मागे ती होळकरांच्या राण्यांकडे राहिली, १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा तिच्या देवस्थानांच्या खर्चासाठी सरकारने तीन लाखांच्या आतबाहेरची वार्षिक नेमणूक कबूल केली, आणि १९६२ मध्ये तिचा विश्वस्तनिधी झाला. गौतमाबाईंच्या सनदेतील आकडा आणि विलीनीकरणातील आकडा दोनशे चौदा वर्षांनंतरही जवळजवळ तोच, हे पाहून रुपयाच्या किमतीविषयी अर्थशास्त्रज्ञांनी काय म्हणावयाचे ते म्हणावे.

आता भेद. तेथे गादी आत्याकडून भाचीकडे गेली. येथे खासगी सासूकडून सुनेकडे गेली. हा भेद मला आरंभी केवळ नात्यांचा वाटला होता. पण विचार करता करता ध्यानात आले, की तेथील व्यवस्था घरात जन्मलेल्या मुलीसाठी होती, आणि येथील घरात आलेल्या मुलीसाठी. सॅक्सन घराण्याने आपल्या रक्ताच्या मुलीस अशी एक जागा करून दिली, की जेथे विवाह न होता, किंवा वैधव्य आल्यावर, ती मानाने राहू शकेल, शिकू शकेल, आणि तिच्या मागून तिची भाची राहू शकेल. होळकरांच्या खासगीने सुनेस सत्ता दिली, आणि त्या सत्तेचा जो उपयोग अहिल्याबाईंनी केला त्याला जगाच्या इतिहासात थोड्याच उपमा मिळतील. परंतु त्या खासगीत घरच्या मुलीला जागा नव्हती. मुलगी परघरची, तिची जागा तिच्या सासरी, आणि सासर सरले की कोठे, या प्रश्नास सनदेत उत्तर नव्हते.

अहिल्याबाईंना मुलगी होती. मुक्ताबाई तिचे नाव. ती यशवंतराव फणसे यांना दिलेली होती. तिचा एकुलता मुलगा आधी गेला, आणि १७९१ मध्ये पतीही गेला. तिने सती जाण्याचे ठरविले. माल्कमच्या वृत्तांताप्रमाणे आईने तिची परोपरीने विनवणी केली, हिंदुस्थानभर देवळे बांधणाऱ्या, दोन कोटींच्या ठेव्यावर तुळशीपत्र ठेवणाऱ्या त्या बाईने मुलीच्या पायांवर डोके ठेवावयाचे तेवढे बाकी ठेविले. मुलीचे उत्तर शांत होते. तिने म्हटले ते अशा आशयाचे: आई, तू वृद्ध झाली आहेस, थोड्या वर्षांत तुझे पुण्यमय आयुष्य संपेल; माझा मुलगा गेला, पती गेला, आणि तू गेल्यावर मला जगणे असह्य होईल, पण तेव्हा मानाने मरण्याची वेळ निघून गेलेली असेल. अंत्ययात्रेबरोबर आई चालत गेली. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी तिचे दंड धरून ठेविले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा तिचा धीर सुटला, आणि धरलेले हात सोडविता येईनात म्हणून ती ते दातांनी चावू लागली. मग तिने नर्मदेत स्नान केले, वाड्यात परतली, आणि तीन दिवस तिने जवळजवळ अन्न घेतले नाही व एक शब्दही उच्चारला नाही. चौथ्या दिवसानंतर केव्हातरी ती उठली, आणि मुलगी व जावई यांच्या स्मरणार्थ एक छत्री बांधण्याचा हुकूम तिने दिला.